स्वस्त ऑनलाइन दुकान कोणाला किती पडते?

उत्साही : मुंबईतील भोईवाडा, नायगाव, परळ आणि लालबाग या पट्ट्यात घरच्या घरी मसाला, पापड आणि फराळ करून विकणाऱ्या स्त्रिया आजही पुष्कळ आहेत, त्यांचे गिऱ्हाईक मात्र गेल्या चार दशकांत त्यांच्यापासून दूर गेले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तो संप रीतसर मागे न घेतला जाताच विरून गेला, पुढे गिरण्या बंद पडल्या आणि या पट्ट्यातील, म्हणजे गिरणगावातील, असंख्य कुटुंबे विरार, बदलापूर, डोंबिवली, पनवेल अशा ठिकाणी राहायला गेली. तरीही मार्च ते मे या महिन्यांत त्याच घरांतल्या बायका लोकल पकडून लालबागच्या मसाल्याच्या बाजारात येतात, बेडगी आणि संकेश्वरी मिरची निवडून घेतात, देठ काढून ती डंकावर, म्हणजे कुटण्याच्या यंत्रावर, कुटून घेतात आणि वर्षभराचा मसाला पिशव्यांत भरून परत नेतात. चवीवरचा विश्वास टिकलेला आहे आणि वाढले आहे ते केवळ अंतर, असाच याचा अर्थ होतो. ऑनलाइन दुकान, म्हणजे मालाची यादी, भाव, पैसे भरण्याची सोय आणि पत्ता नोंदवण्याची सोय एकत्र असलेले संकेतस्थळ, हे अंतर भरून काढण्याचे आजचे सर्वांत स्वस्त साधन आहे. आणि ते उभारून देणारी तयार यंत्रणा, जिला व्यवहारात प्लॅटफॉर्म म्हटले जाते, ती आता काही हजार रुपयांत किंवा अगदी फुकटही मिळू शकते. पागडीची खोली, गाळ्याचे डिपॉझिट, महापालिकेचा परवाना यांतले काहीही न लागता भोईवाड्यातील एका खोलीतून बदलापूरच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचता येत असेल, तर त्यात थांबून राहण्यासारखे काय आहे, हे समजणे कठीण आहे.

संशयी : गिऱ्हाईक दूर गेले आहे हे निदान मान्य करूनही त्यापुढचा निष्कर्ष घाईचा वाटतो. लालबागला येणारी बाई मसाल्याइतकीच मिरची पाहण्यासाठी येते. मिरचीचा रंग, तिचा वास, तिच्यात ओलावा किती आहे हे ती हाताने तपासते आणि आपल्यासमोर कुटलेल्या मसाल्यावरच विश्वास ठेवते. संकेतस्थळावरील छायाचित्रात यातले काहीच उतरत नाही, त्यामुळे तेथे खरेदी करील ती आधीपासून ओळखणारी बाईच, आणि जिची ओळख आहे तिला विकण्यासाठी दुकानाची गरज असते की फक्त फोनची, हा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न ‘स्वस्त’ या विशेषणाचा आहे. हे विशेषण प्लॅटफॉर्मच्या महिन्याच्या शुल्काला लावले जाते, परंतु विकणाऱ्या बाईचा खर्च तेवढाच नसतो. पैसे स्वीकारण्याचे शुल्क, कुरियर, परत आलेली पार्सले, पाकिटे, आणि या सगळ्यावर जाणारा वेळ हेही त्या दुकानाचेच भाडे आहे. फरक इतकाच की ते कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसते. प्लॅटफॉर्म निवडण्यापूर्वी हा सगळा हिशेब एका कागदावर मांडला गेला पाहिजे.

उत्साही : तो मांडूच. तयार प्लॅटफॉर्मांचे तीन ठळक प्रकार करता येतात. पहिला बाजारपेठेचा, म्हणजे ॲमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा मीशो यांच्यासारखा, जेथे हजारो विक्रेते एका छपराखाली बसतात आणि गिऱ्हाईक आणून देण्याचे काम छपराचा मालक करतो. दुसरा भाड्याच्या दुकानाचा, जेथे दरमहा ठरावीक शुल्क देऊन स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ मिळते आणि मागची सगळी तांत्रिक व्यवस्था प्लॅटफॉर्म सांभाळतो. कॅनडातील शॉपिफाय हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण. २००४ साली बर्फावर घसरत जाण्याच्या फळ्या विकणारे छोटे ऑनलाइन दुकान काढताना मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्या दुकानदारांनी स्वतःच ते लिहिले, आणि २००६ मध्ये तेच इतरांना भाड्याने देऊ लागले, अशी त्याची सुरुवात आहे. एका हंगामी, लहान दुकानाच्या गरजेतून जन्मलेली यंत्रणा दुसऱ्या हंगामी, लहान दुकानाला उपयोगी पडणार नाही असे मानण्याचे कारण नाही. तिसरा प्रकार स्वतः बांधण्याचा : २००३ पासून उपलब्ध असलेले वर्डप्रेस आणि त्याला जोडून चालणारे, २०११ मध्ये आलेले वूकॉमर्स ही दोन्ही सॉफ्टवेअरे मोफत आहेत, त्यांचा मूळ कोड कोणालाही वापरता आणि बदलता येतो, आणि वर्डप्रेसचे मराठी भाषांतरही उपलब्ध आहे. तेथे फक्त होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्यासाठी सर्व्हरवरील भाड्याची जागा, आणि डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, यांचेच पैसे मोजावे लागतात.

संशयी : दुसऱ्या प्रकारापासून हिशेब सुरू करणे सोयीचे होईल, कारण जाहिरातींत तोच सर्वांत सोपा दाखवला जातो. भारतात शॉपिफायची सर्वांत साधी पूर्ण योजना महिन्याच्या बोलीने घेतल्यास दोन हजार रुपयांच्या आसपास पडते. त्या कंपनीची स्वतःची पैसे स्वीकारण्याची सेवा भारतात उपलब्ध नसल्यामुळे बाहेरचे पेमेंट गेटवे जोडावे लागते, आणि तसे जोडल्याबद्दल या योजनेत प्रत्येक विक्रीवर २ टक्के वेगळे आकारले जातात. गेटवे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे कार्ड, नेटबँकिंग किंवा यूपीआयने घेऊन विक्रेत्याच्या खात्यात जमा करणारी मध्यस्थ संस्था. तिचे शुल्क साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के धरावे. आता समजा, एका बाईच्या महिन्याला आठशे रुपयांच्या तीस ऑर्डरी जातात. विक्री झाली २४,००० रुपयांची; त्यातून भाडे २,०००, व्यवहारशुल्क ४८० आणि गेटवेचे ५६६, असे एकूण ३,०४६ रुपये, म्हणजे शंभरातले जवळजवळ तेरा रुपये, कुरियरचा एक पैसाही न मोजता निघून जातात. हीच विक्री दहापट झाली तर तेच प्रमाण पाच टक्क्यांवर येते. तेव्हा हे दुकान स्वस्त आहे, पण ते मोठ्या विक्रेत्याला स्वस्त आहे. शिवाय तीस ऑर्डरी दरमहा सारख्या येतील हे गृहीतच चुकीचे आहे. मसाल्याचा हंगाम उन्हाळ्यात, फराळाचा दिवाळीच्या आधी. जुलै-ऑगस्टमध्ये पाच हजारांची विक्री झाली तर त्यातले दोन हजार केवळ दुकान उघडे आहे म्हणून द्यावे लागतील. ज्या मालाला हंगाम आहे त्याला कायम भाड्याचे दुकान घेताना वर्षाचा हिशेब करावा लागतो, आणि जाहिरात नेमकी महिन्याचा आकडा सांगते.

उत्साही : हा आक्षेप ठोस आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तरही हंगामात शोधले पाहिजे. ज्याला ठरावीक भाडे परवडत नाही त्याने विक्रीच्या प्रमाणात शुल्क घेणारी व्यवस्था निवडावी, म्हणजे विक्री नसलेल्या महिन्यात खर्चही नसेल. बाजारपेठेच्या प्रकारात हेच घडते; मीशोने तर २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन न घेण्याचे धोरण जाहीर केले. त्याहूनही साधा मार्ग व्हॉट्सॲप बिझनेसचा आहे : २०१८ मध्ये आलेले हे ॲप फुकट आहे, २०१९ पासून त्यात मालाचा कॅटलॉग, म्हणजे चित्र आणि भावासहित यादी, लावता येते, आणि यूपीआयने थेट खात्यात आलेल्या पैशांवर विक्रेत्याला काहीही द्यावे लागत नाही, कारण १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवरील व्यापारी शुल्क शून्य करण्यात आले आहे. वर मांडलेल्या हिशेबातील ३,०४६ रुपये येथे शून्यावर येतात. ज्या बाईकडे दोनशे ओळखीची गिऱ्हाइके आहेत तिने पहिला हंगाम असाच काढावा, यात कमीपणा काहीच नाही.

संशयी : शून्याच्या त्या आकड्यात कोणाचे श्रम दडले आहेत हेही पाहिले पाहिजे. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणे म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाशी स्वतंत्र संभाषण : मालवणी हवा की आगरी-कोळी पद्धतीचा, तिखट किती, अर्धा किलो की एक, पत्ता, पिनकोड, पैसे आले का, पार्सल निघाले का. पैसे भरल्याचे खोटे स्क्रीनशॉट पाठवून फसवण्याचे प्रकार सर्वश्रुत आहेत, त्यामुळे प्रत्येक जमा खात्यात पाहून ताळा करावा लागतो. हंगामात दिवसाला पंधरा ऑर्डरी आल्या की हे काम कुटण्या-भाजण्यापेक्षा जास्त वेळ खाते, आणि ते बहुधा घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलीवर किंवा रात्री अकरानंतर त्या बाईवरच पडते. वूकॉमर्सच्या मोफतपणाचेही तसेच आहे. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, पण ते अद्ययावत ठेवणे, त्याची प्रत काढून ठेवणे, एखादा जोडभाग बिघडला तर दुरुस्त करणे, होस्टिंगची पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर नूतनीकरणाचा चढा दर भरणे, हे सगळे कोणीतरी करावे लागते; आणि तो ‘कोणीतरी’ शेजारचा हुशार मुलगा असेल, तर त्याला नोकरी लागेपर्यंतच ते दुकान चालते. गिरणगावाला ही गोष्ट नवी नाही. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांच्या श्रमाची किंमत अनेक वर्षे कोणाच्याच वहीत लिहिली जात नव्हती, आणि धान्यासाठी घेतलेल्या उसनवारीवर त्या सावकाराला व्याज भरत राहिल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्या कामाला धंदा म्हणून मान्यता मिळाली. ऑनलाइन दुकान फुकट पडते असे म्हणताना तेच जुने न मोजलेले श्रम पुन्हा हिशेबाबाहेर ढकलले जात आहेत, हे लक्षात न घेणे अन्यायाचे होईल.

उत्साही : अन्नपूर्णेचे उदाहरण दुसऱ्या बाजूनेही बोलते. त्या बायकांना बँकेपर्यंत नेण्यासाठी आधी त्यांच्या धंद्याची नोंद व्हावी लागली. आणि आज प्रत्येक ऑर्डरीची तारीख, रक्कम, माल आणि गाव आपोआप नोंदवणारे दुकान हेच त्या नोंदीचे सर्वांत सोपे साधन आहे. वर्षअखेरीस जिच्याकडे अशी वही आहे ती मुद्रा कर्जासाठी बँकेसमोर बसू शकते. जिच्याकडे केवळ संभाषणे आहेत तिला ते जड जाते. म्हणजे महिन्याच्या शुल्कातून केवळ संकेतस्थळ मिळते असे नाही, त्यातून लिहिण्याचे श्रमही विकत घेतले जातात. तिच्या वेळेचे मोल धरायचे असेल, तर ते दोन्ही पारड्यांत धरावे लागेल, आणि मग दोन हजारांचे भाडे कदाचित तितके महाग ठरणार नाही.

संशयी : हा मुद्दा मान्य करावा लागेल, मात्र ती वही कोणाच्या कपाटात आहे हे विचारूनच. बाजारपेठेच्या प्रकारात गिऱ्हाइकाचा खरा फोन नंबर सहसा विक्रेत्याच्या हाती लागत नाही. ओळख होते ती बाजारपेठेची, मसाला कोणी कुटला हे विसरले जाते, आणि पुढच्या वर्षी त्याच गिऱ्हाइकाला तोच प्लॅटफॉर्म दुसऱ्या कोणाचा स्वस्त मसाला दाखवतो. फुकट मिळालेल्या जागेचाही भरवसा नसतो. गूगलने आपल्या व्यवसाय-नोंदणीबरोबर छोट्या दुकानदारांना जी मोफत संकेतस्थळे दिली होती ती मार्च २०२४ मध्ये बंद केली, आणि ज्यांनी आपल्या पाट्यांवर आणि पाकिटांवर तोच पत्ता छापला होता त्यांना तो बदलावा लागला. २०२० च्या टाळेबंदीत ‘दुकान’ नावाचे भारतीय ॲप निघाले, काही मिनिटांत दुकान उघडून देण्याच्या सोयीमुळे ते झपाट्याने पसरले; पुढे त्याने शुल्काच्या योजना आणल्या, आणि जुलै २०२३ मध्ये त्याच्या संस्थापकाने साहाय्य विभागातील ९० टक्के कर्मचाऱ्यांच्या जागी चॅटबॉट, म्हणजे आपोआप उत्तरे देणारी संगणकीय यंत्रणा, आणल्याचे जाहीर केले. यात बेकायदा काही नाही. धंदा म्हणून प्रत्येक कंपनी असे निर्णय घेत असते. परंतु लालबागच्या बाजारात बसणाऱ्याला आपली जागा कधी जाईल याची कुणकुण आधी लागते, आणि येथे ती एका ईमेलने जाते.

उत्साही : जागा जाण्याचा अनुभव या वस्तीइतका दुसऱ्या कोणाला असेल? नायगावच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, आसपासच्या जुन्या इमारती एकामागून एक रिकाम्या होत आहेत, आणि संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेलेल्या बाईचे गिऱ्हाईक जुन्या जिन्यापर्यंत येऊन परत जाते. स्वतःच्या नावाचे डोमेन मात्र घर बदलले तरी बदलत नाही. प्लॅटफॉर्म बदलला तरी बदलत नाही. आज ते नाव शॉपिफायच्या दुकानाला जोडले असेल, उद्या वूकॉमर्सला किंवा केवळ व्हॉट्सॲपवर नेणाऱ्या एका पानाला जोडता येते, आणि पाकिटावर छापलेला पत्ता तोच राहतो. २०१४ पासून ‘.भारत’ या शेवटाची नावे देवनागरीतही नोंदवता येतात. भाड्याच्या प्लॅटफॉर्मची भीती असेल, तर भाड्याची भिंत आणि मालकीची पाटी असा मेळ घालता येतो. त्यासाठी भिंतच बांधत बसण्याची गरज नाही.

संशयी : पाटी खरोखर तिच्या मालकीची असेल तर. अनेक ठिकाणी असे आढळते की संकेतस्थळ करून देणारा तरुण डोमेनची नोंदणी स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नावावर करतो, त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, आणि दोन वर्षांनी नूतनीकरणाची सूचना त्याच्या न वापरलेल्या ईमेलमध्ये पडून राहते. पण हा मुद्दा सुटण्यासारखा आहे. कायद्याचा मुद्दा तितका सहज सुटत नाही, आणि स्वस्त प्लॅटफॉर्मच्या चर्चेत तो जवळजवळ कधीच येत नाही. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सामान्यतः घ्यावी लागत नाही. मात्र माल राज्याबाहेर विकला की ही सवलत संपते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना त्यात सूट आहे, मसाल्याला नाही. म्हणजे भोईवाड्याची बाई कोल्हापूरला हवे तितके पार्सल नोंदणीशिवाय पाठवू शकते, पण बेळगाव, निपाणी किंवा पणजीला पाठवलेल्या एका किलोसाठी तिला नोंदणी घ्यावी लागते. मराठी गिऱ्हाईक ज्या सीमेला सीमा मानत नाही, ती जीएसटीला मानावीच लागते. बाजारपेठेतून विकणाऱ्यांना तर पूर्वी उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना नावनोंदणीचा क्रमांक घेऊन त्यातून सूट मिळाली. तेव्हा प्लॅटफॉर्म निवडताना आधी हे ठरवावे लागते की गिऱ्हाईक राज्यात आहे की राज्याबाहेर, आणि कोणतेही तयार दुकान उघडताना हा प्रश्न विचारत नाही. ते सगळ्या देशाचे पिनकोड पहिल्या दिवसापासून उघडे ठेवते.

उत्साही : ते पिनकोड मर्यादित करता येतात, बहुतेक प्लॅटफॉर्मांत कोणत्या राज्यात माल पाठवायचा हे ठरवण्याची सोय असते, आणि पहिला हंगाम महाराष्ट्रापुरता ठेवणे हा शहाणपणाचा निर्णय ठरेल. कायद्याच्या इतर अटी प्लॅटफॉर्मशी निगडित नाहीत. अन्नपदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी घराच्या दारात विकतानाही लागते. २०११ च्या नियमांनी १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी तिचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये ठेवले. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगचा महिना आणि उत्पादकाचे नाव-पत्ता छापण्याचा नियमही दुकानाच्या गल्ल्यावर तितकाच लागू आहे. उलट ऑनलाइन दुकानामुळे या गोष्टी एकदा नीट लिहिल्या जातात.

संशयी : त्याच पत्त्याचा आणखी एक पैलू नोंदवला पाहिजे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण करणाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर द्यायचा असतो, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु ज्या बाईचे दुकान आणि घर एकच दहा-बाय-सोळाची खोली आहे, तिचा राहता पत्ता आणि फोन नंबर अनोळखी माणसांना कायमचा उपलब्ध होतो, आणि गल्लीत ओळखीवर चालणाऱ्या धंद्यात ही जोखीम नव्हती. मोठी कंपनी कार्यालयाचा पत्ता देते. या बाईला उंबरठ्याचाच द्यावा लागतो.

उत्साही : यावर एकटीने उत्तर शोधण्यापेक्षा एकत्र शोधणे अधिक योग्य ठरेल, आणि त्याची परंपरा येथून हाकेच्या अंतरावर आहे. नायगावात १९४८ मध्ये कामगारांनी ग्राहक सहकारी संस्था उभारली, तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून ओळखली गेली. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आणि त्यातून लिज्जत उभे राहिले. वीस बायकांनी मिळून एकच संकेतस्थळ चालवले, एकच पत्ता बचत गटाच्या कार्यालयाचा दिला, एकीने ऑर्डरी पाहिल्या आणि इतरांनी माल केला, तर दोन हजारांचे भाडे प्रत्येकीला शंभर रुपये पडते. वेळेचा, पत्त्याचा आणि हंगामाचा प्रश्न एकदमच हलका होतो, कारण कोणाचा मसाला उन्हाळ्यात जाईल, कोणाचा फराळ दिवाळीत आणि कोणाचे कुरड्या-पापड पावसाळ्यात.

संशयी : यातील भावना आणि इतिहास दोन्ही मोलाचे आहेत, पण संस्थेचे कायदेशीर रूप ठरल्याशिवाय हे संकेतस्थळ उघडता येणार नाही. ते वीस जणींचा माल त्यांच्या-त्यांच्या नावाने विकून पैसे गोळा करत असेल, तर कायद्याच्या नजरेत ते स्वतःच बाजारपेठ चालवणारे ठरते, त्याला उलाढाल न पाहता जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते आणि विक्रीतून स्रोतावर कर गोळा करण्याची जबाबदारी येते. गटाने माल विकत घेऊन स्वतःच्या नावाने विकला, तर तो प्रश्न सुटतो, पण मग प्रत्येकीच्या हाताची ओळख पुसली जाते. अमुक काकूंच्या हातचा मसाला म्हणून येणारे गिऱ्हाईक गटाच्या एकसारख्या पाकिटाला तसेच येईल का? लिज्जतला ही अडचण आली नाही, कारण त्यांनी पहिल्यापासून एकच चव ठरवली. मसाल्याचे तसे नाही. त्याची किंमतच घराघराच्या फरकात आहे.

उत्साही : मग सरकारच्या पुढाकाराने उभारलेले ओएनडीसी हे जाळे विचारात घ्यावे लागेल. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेली ही व्यवस्था कोणा एका दुकानदाराची नाही. विक्रेता एका ॲपवर आपला माल नोंदवतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच ॲपवरून तो विकत घेऊ शकते, जसे एका बँकेच्या यूपीआयवरून दुसऱ्या बँकेच्या खात्यात पैसे जातात. बाजारपेठेच्या मालकाचे वर्चस्व मोडावे हाच तिचा हेतू आहे, आणि एका विक्रेता-ॲपने शुल्क वाढवले तर दुसऱ्याकडे जाता येते.

संशयी : हेतू योग्य आहे, परंतु त्या जाळ्यातही विक्रेतीला कोणत्या तरी विक्रेता-ॲपच्या दारातूनच आत जावे लागते, आणि हजारो मसाल्यांच्या यादीत तिचे नाव वर का दिसावे हा प्रश्न तेथेही उरतोच. शिवाय माल पोहोचवण्याचा खर्च कोणताही प्लॅटफॉर्म कमी करत नाही. कुरियर कंपन्या खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त त्यावर पैसे घेतात. आकारमानाचे वजन म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागल्यावर येणारा आकडा. तीस, वीस आणि पंधरा सेंटिमीटरचा खोका रिकामा असला तरी तो १.८ किलोचा धरला जातो. मसाला जड आणि आटोपशीर असल्याने लहान पाकिटात तो निभावतो. लालबागच्या गल्लीतला अर्धा किलो चिवडा अशा खोक्यात भरला की त्याच्या वजनापेक्षा तिपटीहून अधिक वजनाचे भाडे द्यावे लागते. पार्सल मिळाल्यावर पैसे देण्याची सोय ठेवली तर परत आलेल्या पार्सलाचा जाण्या-येण्याचा खर्च विक्रेत्यावर बसतो. टपाल खात्याच्या व्ही.पी.पी.ने, म्हणजे पुडके सोडवताना पैसे भरण्याच्या सोयीने, पुस्तके मागवणाऱ्या पिढीला हे ठाऊक होते. १८७७ पासून चालत आलेल्या त्या व्यवस्थेतही न सोडवलेले पुडके प्रकाशकाच्याच दारी परत येत असे.

उत्साही : तर मग आगाऊ पैसे देणारे ओळखीचे गिऱ्हाईक, राज्यातले पिनकोड, जड आणि टिकाऊ माल, आणि स्वतःच्या नावाचे डोमेन, एवढ्या अटींवर तरी सहमती दिसते. राहिला प्रश्न भिंतीचा. पहिला हंगाम व्हॉट्सॲपवर, आणि हंगामात दिवसाला दहा-पंधरा ऑर्डरी येऊ लागल्या की भाड्याचे दुकान, असा क्रम धरला तर पैसा आणि श्रम दोन्ही वाचतील.

संशयी : हा क्रम तर्काला धरून आहे, पण त्यात एक खाच आहे. व्हॉट्सॲपवर जितकी गिऱ्हाइके सांभाळता येतात तितक्यांत जिचे समाधान आहे, तिला दुकानाची गरज कधीच पडणार नाही. आणि जिला त्यापलीकडे जायचे आहे तिला अनोळखी गिऱ्हाईक हवे आहे, जे कोणताही स्वस्त प्लॅटफॉर्म आणून देत नाही, ते जाहिरातीच्या पैशाने किंवा बाजारपेठेच्या कमिशनने विकत घ्यावे लागते. म्हणून आधी धंदा किती वाढवायचा हे ठरावे लागेल, आणि ते ठरवताना वाढलेल्या मागणीसाठी मिरची कोण भाजणार, चाळणार आणि भरणार हेही.

उत्साही : ते ठरवण्याचा अधिकार तिचाच आहे, आणि वाढ नको असे तिने म्हणणे जितके रास्त, तितकेच वाढ हवी असे म्हणणेही रास्त आहे. आजवर तिच्या वतीने ‘तुला झेपणार नाही’ असे ठरवणारे पुष्कळ भेटले. त्यांत आणखी भर पडू नये.

संशयी : ती पडू नये हे खरे, आणि झेपेल असे परस्पर ठरवणाऱ्यांचीही भर पडू नये. मसाल्याचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो, त्यामुळे प्लॅटफॉर्मचा निर्णय फेब्रुवारीपर्यंत थांबू शकतो आणि तोवर मागच्या वर्षीच्या ऑर्डरी महिनावार मांडून पाहता येतील. डोमेनची नोंदणी मात्र त्या निर्णयावर अवलंबून नाही. ती तिने आजच, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या खात्यातून पैसे भरून करून घ्यावी.